अकरा झाडं, दोन दोर आणि मामा : कामाच्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

वसंत विहारच्या सोसायटीचं काम पक्कं झालं. एकूण ११ झाडं. २ पर्जन्यवृक्ष (वॉचमन नुसतं 'मोठं झाड' म्हणतो आणि बरोबरच आहे त्याचं), ३ गुलमोहर, ४ सोनमोहर, १ आंबा, १ जांभूळ. मुळापासून तोडायचं एकही नाही, वाळलेल्या फांद्या काढायच्या आणि पार्किंगवर, गच्चीवर आलेलं ओझं हलकं करायचं. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीचा कागद सेक्रेटरी काकूंकडे आहे, त्याची झेरॉक्स घेतली, कारण काम चालू झालं की कुणीतरी खाली उभं राहून 'झाडं तोडताय का' विचारतंच, आणि विचारायलाच पाहिजे.

माणसं तीन. मी, मामा आणि धाकटा (चुलतभाऊ, खाली दोर सांभाळायला). मामा अलिबागकडचे, तीस वर्षं माडावर चढलेत, पायात दोरीची कडी आणि कमरेला कोयता, बस. गेल्या वर्षीपर्यंत आम्ही बाजारातली निळी नायलॉनची दोरी कमरेला गुंडाळूनच झाडं करायचो. काही झालं नाही हे नशीब. या कामापासून ते बंद.

नवा दोर आणला, ४५ मीटर, ११.७ मि.मी., ईएन १८९१ टाईप ए (कमी ताणणाऱ्या दोरांसाठीचं युरोपियन मानक). या टाईपला निदान २२ किलोन्यूटन ताकद लागते, म्हणजे साधारण २,२०० किलो. मामा म्हणाले, "अरे आपण हत्ती चढवणारेस काय." ताकद आपल्या वजनासाठी नसते, गाठ मारली की दोर कमजोर होतो, फांदीच्या कडेवर घासतो, उन्हात राहतो, झटका बसतो, हे सगळं वजा करून उरायला पाहिजे ना.

काकूंना फोनवर सांगितलं की नवीन रोप आणलंय, तर त्या खूश, "कसलं रे, कडुलिंबाचं आण ना एखादं." तेव्हापासून आम्ही दोरच म्हणतोय.

१६ एप्रिल, बुधवार

आज फक्त गाठी. घरामागच्या चिकूच्या आडव्या फांदीवर, जमिनीपासून जेमतेम दोन फूट. पडलो तरी मामी हसतील एवढंच.

पद्धत अशी की दोर फांदीवरून टाकायचा, एक टोक हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधायचे पट्टे), दुसऱ्या बाजूवर घर्षणाची गाठ, तीही हार्नेसलाच. गाठ वर सरकवली की आपण वर, गाठ दाबली की खाली, हात काढला की तिथेच. दोर दुहेरी असल्यामुळे एक मीटर चढायला दोन मीटर दोर ओढावा लागतो, पण गाठीवर साधारण अर्धंच वजन येतं, म्हणून ती हाताने सुटते. एकेरी दोरावर हीच गाठ पूर्ण वजनाने अशी आवळते की सोडवता सोडवता घाम फुटतो, त्याला वेगळं यंत्र लागतं, ते आपल्याकडे नाही. शिवाय एकेरी दोर खोडाच्या बुंध्याला बांधला तर वरच्या फांदीवर जवळपास दुप्पट भार येतो. गुलमोहरासारख्या ठिसूळ झाडावर ते मला नकोच.

मराठीत आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ, एक ओढली की सुटते, दुसरी दाताने सुद्धा सुटत नाही. ही तिसरीच जात. वजन असेल तर निरगाठ, हात लावला तर सुरगाठ.

प्रुसिक आधी शिकलो. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली, गिर्यारोहकांची. पकड छान, पण एकदा आवळली की रुसते. मग ब्लेक हिच, जी १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांच्यामुळे झाडवाल्यांत पसरली, त्याआधी हाइन्झ प्रोहास्का यांनीही तीच दाखवली होती. दोराभोवती खालून वर चार वेढे, मग टोक वेढ्यांच्या पुढून खाली आणायचं, दोराच्या मागून फिरवायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचं. टोकाला आठाची गाठ, नाहीतर टोक हळूहळू आत सरकत जातं. हिचा एक चुकीचा भाऊ आहे, दिसायला जवळजवळ तसाच आणि वजन आलं की सुटणारा. धाकट्याने पहिल्याच प्रयत्नात तो चुकीचा बांधला आणि दोन फुटांवरून बदकन खाली. बरं झालं, आता विसरणार नाही.

ब्लेकचा दोष हा की एकदम झरकन उतरलं तर गाठ तापते आणि दोराचा वरचा थर चकाकायला लागतो, काच लावल्यासारखा. पॉलिस्टर २५५–२६० अंशाला वितळतं, वाटतं तेवढं लांब नाही ते. म्हणून रोजच्या कामाला व्हीटी नावाची गाठ ठेवली, वेगळ्या ९ मि.मी.च्या दोरीची, उष्णता सोसणाऱ्या अरॅमिडच्या आवरणाची. वर वेढे, खाली वेणी. माझं वजन ७४, मला चार वेढे आणि तीन वेण्या लागतात. तीच गाठ मामांना दिली तर ते ५८ किलोचे, गाठ खाली येईचना, लोंबकळत बसले आणि मला शिव्या घातल्या. एक वेढा कमी केला तेव्हा चालली. म्हणजे एकाची गाठ दुसऱ्याला देऊ नये, चपलेसारखं आहे.

२० एप्रिल, रविवार

पहिलं झाड, आंबा. सोपं म्हणून आधी घेतलं आणि दिवस खाल्ला त्याने.

दोर वर न्यायला आधी २ मि.मी.ची बारीक थ्रो लाईन, तिला ३५० ग्रॅमची छोटी पिशवी, ती झोका देऊन हव्या त्या बेचक्यातून टाकायची. बारा वेळा टाकली. दोनदा अडकली, एकदा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गेली आणि आजोबांनी ती परत टाकताना माझ्यापेक्षा चांगला नेम धरला. सुट्टीचा दिवस, खाली पोरांची गर्दी, प्रत्येक चुकीला "ओऽऽ" करून ओरडत होती.

बेचकं मिळाल्यावर लगेच चढायचं नाही. खालून दोर धरून मी आणि धाकटा दोघं एकदम लटकलो, दोनतीन हिसके दिले, वर बघत, कुठे करकर होते का. दोर सालीवर थेट घासू नये म्हणून दोन कड्यांचा पट्टा मध्ये घातला. हा पट्टा झाडासाठी आणि दोरासाठी दोन्हींसाठी, सालीखालचा जिवंत थर घासून गेला तर फांदीला जखम राहते.

अडचण दोराची नव्हतीच. लाल मुंग्या! पानं शिवून घरटी केलेली, पाचसहा तरी. मामा म्हणाले सकाळी सातच्या आत चढायला हवं होतं, ऊन चढलं की त्या पिसाळतात. मानेत, कानामागे, हार्नेसच्या पट्ट्याखाली. दोर हातात असताना खाजवता येत नाही हा शोध आज लागला. एका फांदीवर कावळ्याचं घरटं होतं, ती फांदी तशीच ठेवली, जून संपल्यावर बघू.

२४ एप्रिल, गुरुवार

जांभूळ झालं, त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही. आज लॅनयार्डबद्दल लिहायचंय कारण मामांशी दुपारभर वाद झाला.

लॅनयार्ड म्हणजे हार्नेसच्या कमरेच्या दोन बाजूंच्या डी कड्यांना (इंग्रजी D आकाराच्या धातूच्या कड्या) लावून खोडाभोवती घ्यायचा आखूड दोर. आमचा साडेतीन मीटरचा, एका टोकाला कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), दुसऱ्या बाजूला छोटी प्रुसिक आणि तिच्यामागे बारकी पुली, म्हणजे एका हाताने ओढला की आखूड होतो आणि गाठ दाबली की सैल. आत पोलादी तार असलेलाही मिळतो, तो ताठ असल्यामुळे जाड खोडाभोवती फेकायला सोपा, आणि करवत लागली तर लगेच तुटत नाही, पण तुटतच नाही असं समजून चालणारे लोक असतात, त्यांना लांबून नमस्कार.

नियम माझा असा की करवत हातात घ्यायच्या आधी दोन जागी बांधलेलं असायचं, मोठा दोर आणि लॅनयार्ड. चेनसॉ असेल तर याला अपवाद नाहीच. आणि लॅनयार्ड ताणलेला ठेवायचा. हा पडणाऱ्याला झेलायचा दोर नाही, टेकून उभं राहायचा आहे. ढिला सोडून अर्धा मीटर खाली आलात तर कंबरेला जो हिसका बसेल तो आयुष्यभर आठवेल.

मामांचं म्हणणं, दोन दोर म्हणजे दोन कटकटी, गुंता होतो, आणि माडाला तर कधीच दोन लागले नाहीत. त्यांचं बरोबरही आहे थोडं. माड सरळ, फांदी नाही, कडी खोडाला आवळून बसते. मी म्हणलं मामा, माडावर तुम्ही फक्त नारळ उतरवता, इथे ज्या फांदीवर तुम्ही आहात तीच अर्धी कापायचीय. ते गप्प बसले आणि मग विडी काढली, म्हणजे पटलंय पण बोलणार नाहीत.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून घेतली. ते कडी लावली की लगेच हात सोडत नाहीत. आधी हळूच मागे झोक देतात, कुल्ल्यांनी वजन टाकून बघतात, कडी बसली की मगच हात मोकळा. "आधी झोक, मंग हात." मी त्यांना म्हणलं दर वेळी कशाला, कॅराबिनरचा खट्ट आवाज येतो ना, कुलूपवाला आहे, तीन हालचाली केल्याशिवाय उघडत नाही. ते म्हणाले आवाज कानाला येतो, वजन कुल्ल्याला कळतं.

खिळ्यांचे बूट आणायचे का असं धाकटा विचारत होता. नाही. ते फक्त जे झाड पूर्ण काढायचंय त्याला. जगणाऱ्या झाडाच्या खोडात प्रत्येक पावलाला भोक पाडायचं आणि वर त्याला छाटणी म्हणायचं, हे मला जमणार नाही.

२ मे, शुक्रवार

आजची नोंद लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितोय.

दुसरा गुलमोहर, साधारण ९ मीटरवर. मोठा दोर वरच्या बेचक्यात हलवायचा होता. म्हणजे आधी लॅनयार्ड खोडाभोवती घ्यायचा, त्यावर बसायचं, मग मोठा दोर सोडून वर टाकायचा. सगळ्या चढाईत हीच एक वेळ अशी असते की आपण मुद्दाम एकावर येतो. अडीच वाजलेले, ऊन, फुलांचा सडा, हेल्मेटखालून घाम डोळ्यात. लॅनयार्ड फिरवला, उजव्या बाजूला न बघता कॅराबिनर लावला. खट्ट. कुलूप बसलं. हात मोठ्या दोराच्या कडीवर गेला.

आणि का कोण जाणे, मामा खालून बघतायत म्हणून असेल, मी झोक दिला. उजवी बाजू काहीतरी मऊ लागली. मग 'टर्र' आणि मी वीतभर खाली, मोठ्या दोरावर. गाठीने धरलं. बस एवढंच झालं. एक सेकंद सुद्धा नाही.

कॅराबिनर डी कडीत नव्हताच. तिच्या मागे करवत, पुली वगैरे लटकवायला जो कापडी फास असतो त्यात गेला होता. तो पाचेक किलो सामानासाठी असतो. आवाज अगदी खराच आला होता, कुलूपही बसलं होतं, फक्त चुकीच्या जागी. मोठा दोर आधी सोडला असता तर ९ मीटर, खाली पेव्हर ब्लॉक.

खाली आलो. धाकट्याने पाणी दिलं. मामा काही बोलले नाहीत, फाटलेला फास हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि खिशात टाकला. अजून त्यांच्याकडेच आहे. उरलेला दिवस काम बंद. काकूंना सांगितलं हार्नेस दुरुस्तीला न्यायचाय. खोटं नव्हतं.

संध्याकाळी केलेले बदल. बाजूचे दोन्ही कापडी फास काढून टाकले, सामान आता मागच्या बाजूला, हात मुद्दाम मागे नेल्याशिवाय पोचत नाही. डी कड्यांना लाल टेप. कडी लावताना बघायचं, मोठ्याने "उजवी लागली" म्हणायचं, खालच्याने ऐकून "हो" म्हणायचं, मग झोक, मग हात. हार्नेस नवा घेतला, शिवणीला एकदा हिसका बसलेला पट्टा मला परत अंगावर नकोय.

८ मे, गुरुवार

परवा संध्याकाळी वादळ आणि पाऊस, मे महिन्यात! दोर भिजला. ओला दोर आणि कोरडी गाठ, किंवा उलट, पकड वेगळीच लागते. आज सकाळी खालीच लटकून बघितलं तर रोजच्या चार वेढ्यांची गाठ सरकायच्या ऐवजी चिकटून बसत होती, उतरताना धक्के. म्हणून आता रोज पहिल्यांदा फूटभर उंचीवर बसून बघायचं, कालची गाठ आजची नसते.

दोर धुतला, साधा साबण, थंड पाणी, बादलीत. गॅलरीत सावलीत वाळत घातला, उन्हात नाही. वाळताना हातातून इंच इंच सरकवत तपासला, डोळे मिटून. डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं, कुठे चपटा झालाय, कुठे आतला गाभा मऊ लागतो, कुठे कडक. वाकवून बघितला की चांगला दोर गोल वळतो, आत काही तुटलं असेल तिथे टोक काढून मोडतो. एका टोकापासून मीटरभरावर चकाकी दिसली, ब्लेकवर उतरलो होतो त्याची. तेवढा तुकडा कापून टाकला, ४३ मीटर उरला, १६ मीटरच्या झाडाला पुरतो. दुसऱ्या टोकाला कायमची गाठ, उतरता उतरता दोर संपला तर गाठ सुटून जाऊ नये म्हणून.

धाकट्याने मध्येच या दोराने फांदी खाली सोडायला घेतली होती. ओरडलो त्याला, जरा जास्तच. फांद्यांचा दोर वेगळा, तो जाडा पांढरा. माणसाच्या दोराला फांदीचा झटका द्यायचा नाही.

१५ मे, गुरुवार

मोठं झाड, पहिलं. याचसाठी एवढी तयारी.

पर्जन्यवृक्ष छत्रीसारखा पसरतो, त्यामुळे काम खोडाजवळ नसतंच, सगळं टोकाला, खोडापासून ८–९ मीटर लांब. फांदीवर चालत जायचं, दोर मागे वरती बांधलेला. दोराची जागा जेवढी उंच तेवढं चालणं सोपं, कारण दोर आपल्याला वर धरतो. जागा खाली असली किंवा आपण फार लांब गेलो की दोर आडवा होतो, मग तो धरत नाही, नुसता मागे ओढतो, आणि पाय घसरला तर घड्याळाच्या लंबकासारखे सरळ खोडावर. म्हणून अर्ध्यात दुसऱ्या बेचक्यातून दोर वळवून घेतला. लॅनयार्ड पुढच्या फांदीला लावत लावत, काठी टेकत जाणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

मामा या झाडावर बघण्यासारखे होते. शूज काढून ठेवले (भांडण नको म्हणून काही बोललो नाही), तोंड खोडाकडे, आडवे पावलं टाकत, वजन पूर्ण हार्नेसवर सोडून. दोरावर बसायला शिकायला मला बराच वेळ लागला, त्यांना महिना. दर वेळी खालपर्यंत ऐकू येत होतं, "उजवी लागली. डावी लागली." वॉचमन विचारत होता मंत्र म्हणतात का.

वाळलेली फांदी मनगटाएवढी असेल तर हातकरवतच. त्याहून जाड तर आधी खालून काप, मग थोडं पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट शेवटी, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगवट्याच्या बाहेर. तो फुगवटा कापला तर जखम भरत नाही. एक फांदी पार्किंगमधल्या गाडीपासून हातभर अंतरावर उतरवली. मालक गॅलरीतून व्हिडिओ काढत होते, पुराव्यासाठी बहुतेक.

१८ मे, रविवार

आज काम नाही, सुटकेचा सराव. वर मी बेशुद्ध असल्याचं नाटक करायचं, मामांनी येऊन उतरवायचं. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलं की रक्त पायात साचतं, काही मिनिटांत माणूस खरंच बेशुद्ध होऊ शकतो, त्यामुळे फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबणं हा बेत होऊ शकत नाही. बोलवायचं त्यांना पहिल्यांदा, पण थांबायचं नाही.

पहिल्यांदा १९ मिनिटं लागली. ११ मिनिटं दुसरा दोर झाडावर टाकण्यात गेली. म्हणून आता दुसरा दोर सकाळीच टाकून ठेवतो, रिकामा, बांधलेला, कुणी हात लावायचा नाही. दुसऱ्या खेपेला ८ मिनिटं. मामांनी आपल्या लॅनयार्डने मला स्वतःला जोडलं, मग माझी गाठ हळूहळू सोडली. त्यांच्या तोंडाला विडीचा वास आणि मला बेशुद्ध असून हसू येत होतं.

धाकटा चढू शकत नाही, म्हणजे मी आणि मामा एकाच वेळी झाडावर गेलो तर खाली वाचवणारा कुणी नाही. आजपासून एकावेळी एकच वर. काम दुप्पट दिवस चालेल, चालू दे.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. जाहीर केलं आज, मुंबईत इतक्या लवकर कधी आल्याचं नोंदीत नाही म्हणतायत, एरवी ११ जून धरून चालतो आम्ही. सगळं गणित कोलमडलं. नऊ झाडं झाली, दोन सोनमोहर राहिले. ओल्या सालीवर पाय ठरत नाही आणि वारा कधी उठेल सांगता येत नाही. काकूंना सांगितलं ती दोन आता पावसाळ्यानंतर, त्यांच्याखाली गाड्या लावू नका. थोड्या नाराज झाल्या, मग चहा दिला.

दोर सगळे वाळवून पिशवीत. मामा उद्या गावाला. जाताना म्हणाले, "तो साडेतीन मीटरवाला एक मला दे, पुलीसकट." माडाला कशाला लागतोय म्हणलं. "असू दे. वयाप्रमाणे दोन लागतात." नवा दिला, टोकं वितळवून, डी कड्यांना लाल टेप लावून हार्नेससुद्धा.

३१ मे, शनिवार

मामांचा फोन. गावाला चार दिवस पाऊस थांबलेला नाही, माडावर जाता आलेलं नाही. लॅनयार्ड कसा आहे विचारलं तर थोडा वेळ शांत. मग हळूच म्हणाले, मामींनी पडवीत बांधलाय, त्यावर गोधड्या वाळतायत.